गुडघ्याखाली दहा सेंटीमीटर

तायडे सिस्टरना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या कात्रीने टेपा कापत बसल्या होत्या. शिंप्याच्या गळ्यात असतात तसल्या टेपा, पिवळ्या, काळ्या आकड्यांच्या. टेबलावर सात-आठ टेपा पसरलेल्या आणि शेजारी दोन फुटांची एक जुनी लोखंडी पट्टी. एकेक टेप न ताणता पट्टीवर ठेवायची, डोळे बारीक करून आकडे जुळतात का बघायचं आणि नाही जुळले की कचकन मधोमध कापून टोपलीत टाकायचं, असं चाललं होतं. इंदूरच्या एका मोठ्या दवाखान्यातली माझ्या नोकरीची ती पहिली सकाळ. आयसीयूतल्या संशोधनाचा कोऑर्डिनेटर म्हणून मी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो होतो. मला वाटलं, चुकून चादरी-उशांच्या खोलीत शिरलो.

“धुतल्या की वाढतात या,” त्या मान वर न करता म्हणाल्या. “टेप वाढली की कागदावर पाय घटतो. पेशंटचा पाय खरंच घटला तर चांगलं आहे न, भिया. टेपनं घटवला तर काय मतलब?” इंदूरकडे ‘भैया’चा ‘भिया’ होतो.

आमचं संशोधन होतं रक्ताच्या गुठळ्यांवर. आयसीयूतला माणूस दिवसचे दिवस हलत नाही. पायाच्या शिरांमधलं रक्त साकळतं, गुठळी होते आणि कधीतरी ती सुटून फुप्फुसात जाते. काल ज्याच्या घरच्यांना आपण ‘आता धोका टळला’ असं सांगितलं, तो माणूस आज दहा मिनिटांत जातो. हे होऊ नये म्हणून सगळ्यांनाच रक्त पातळ ठेवणारं इंजेक्शन देतात. प्रश्न असा होता, की त्याच्या जोडीला हवेनं फुगणारे पट्टे पोटऱ्यांना बांधून मशीननं पाय दाबत राहिलं, तर आणखी फायदा होतो की नाही? अर्ध्या पेशंटना मशीन, अर्ध्यांना नाही. कोणाला काय, हे बंद लिफाफ्यातली चिठ्ठी ठरवणार. आठवड्यातून दोनदा पायांची सोनोग्राफी आणि रोज दोन्ही पोटऱ्यांचं माप. नातेवाइकांच्या सह्या आणि कागदपत्रं माझ्याकडे होती. पाय तायडे सिस्टरांकडे होते.

बाई पंचावन्नच्या पुढच्या, ठेंगण्या, चालणं मात्र परेडवरचं. रोज महूहून बसनं यायच्या आणि बस कितीही रखडली तरी कधी उशीर झाला नाही. वडील महूच्या छावणीत फौजेचे शिंपी होते. ती लोखंडी पट्टी त्यांचीच. “बाबा साहेब लोकांचं माप घेताना बोलू द्यायचे नाहीत,” असं त्या सांगायच्या. “बोलला माणूस की छाती फुगवतो.” नवराही फौजेतला, हवालदार होऊन निवृत्त झालेला. त्यांचा उल्लेख त्या ‘आमचे हवालदार’ असा करायच्या आणि सूर असा, की घरात सिस्टरांचाच हुद्दा मोठा असावा.

आयसीयूत शिरल्यावर सगळ्यांची नजर आधी मॉनिटरवर जाते. डॉक्टरांची जाते, आमची जाते, भेटीला आलेल्या नातेवाइकांचीही जाते. सिस्टर सरळ पायथ्याशी जायच्या, चादर खालून वर दुमडायच्या आणि पेशंट शुद्धीत असो वा नसो, त्याला सांगायच्या, “काकाजी, पैर देख रही हूँ हाँ.” मग गुडघ्याखाली जो हाडाचा उंचवटा लागतो, तिथून मोजून दहा सेंटीमीटर खाली पेननं एक बारीक फुली. दोन्ही पायांवर. रोज त्याच फुलीवर टेप. “टेकवायची, आवळायची नाही,” हे वाक्य मी त्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय, की आता भाजीवाल्याच्या तराजूकडे बघतानाही तेच आठवतं.

पाय बघून त्या माणूसही ओळखायच्या. टाचा फुटलेल्या असल्या की म्हणायच्या, “हा चालणारा आहे, उठेल.” अंगठ्याशी पट्टा घासल्याची खूण दिसली की, “हे दुकानात बसणारे, दिवसभर चप्पल पायातच.” तोंडं मात्र त्यांच्या अजिबात लक्षात राहायची नाहीत. एकदा बरे होऊन घरी गेलेले एक गृहस्थ मिठाईचा डबा घेऊन आले. “पहचाना, सिस्टरजी?” सिस्टर गोंधळल्या. वरपासून खालपर्यंत बघून झालं आणि मग अगदी सरळपणे म्हणाल्या, “जूते उतारो न, फिर बताती हूँ.” त्या भल्या माणसानं कॉरिडॉरमध्ये बूट काढले, मोजे काढले. “अरे, बेड सात!” म्हणून सिस्टरनी असा आनंद केला, की त्या गृहस्थांच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्या हसून हसून आलं.

एका गोष्टीवरून त्या आख्ख्या आयसीयूत बदनाम होत्या. पाय दाबू द्यायच्या नाहीत. आपल्याकडे आजारी माणसाजवळ गेलं की हात आपोआप पायाकडे जातो. आई-बापाचे पाय दाबणं म्हणजे सेवा, सुनेनं दाबले तर संस्कार. पण पायात गुठळी बसलेली असली आणि कोणी प्रेमानं ती दाबली, तर तेच प्रेम जिवावर बेतू शकतं. भेटीच्या तासाला सिस्टर घारीसारख्या उभ्या असायच्या. हातोदच्या मंडीतला एक सोयाबीनचा व्यापारी, चांगला आडवातिडवा माणूस, आईच्या पोटऱ्यांना हात लावतो न लावतो तोच त्याचं मनगट सिस्टरांच्या हातात होतं.

“भैयाजी, पैर नहीं दबाना.”

त्यानं एकदा आईच्या पायाला बांधलेल्या पट्ट्यांकडे बघितलं. ते फुस्स करून फुगत होते, सैल पडत होते. मग सिस्टरांकडे बघितलं. “क्यों सिस्टरजी? मशीन दबाए तो इलाज, और बेटा दबाए तो गुनाह?”

मी हसू दाबायला कपाटाकडे वळलो. सिस्टर हसल्या नाहीत. त्यांनी त्याला बाहेर बाकावर बसवलं आणि समजावलं. आधी सोनोग्राफी करतो, गुठळी नाही हे बघतो, मगच मशीन लावतो. गुठळी दिसली तर त्याच मिनिटाला काढतो. तुमच्या हाताला आतलं दिसत नाही, माझ्याही नाही. माणसाला पटलं. पण उठताना तो म्हणाला, “तो फिर हाथ का क्या करूँ?” सिस्टरांनी ते बोलणं हसण्यावारी नेलं. तेव्हा मीही नेलं.

माझं आणि त्यांचं नीट जमलं ते मी मार खाल्ल्यावर. हातानं नव्हे, तोंडानं. पण लागायचं तेवढं लागलं. रंगपंचमीचा दिवस होता. सिस्टरांची सुट्टी, मापं माझ्याकडे. इंदूरचा माणूस रंगपंचमीला गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, सोडून आयसीयूत बसेल, ही अपेक्षाच अमानुष आहे. मी गेरला गेलो, राजवाड्यापुढच्या गर्दीत रंगून निघालो, दुपारी घरी राजेंद्र नगरला जाऊन अंग घासलं आणि दवाखान्यात पोचलो तेव्हा तीन पेशंटांची मापं राहिली होती. आदल्या दिवशीचे आकडे समोर होते. एका दिवसात पोटरी अशी काय बदलणार? मी तेच आकडे उतरवले, एका ठिकाणी दोन मिलीमीटर वाढवले, म्हणजे खरं वाटेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी सिस्टरनी मला बेड चारपाशी बोलावलं. चादर दुमडलेली. पायावर फुली नव्हती.

“काल सकाळी स्पंजिंग करताना खूण गेली. स्टाफनं मला सांगितलं,” त्या म्हणाल्या. “तू माप कुठून घेतलं?”

मी चादर सरळ करू लागलो.

“कान अजून हिरवे आहेत तुझे. डॉक्टरकडे मी जाणार नाही. तू जाशील.”

मी गेलो. आमचे मुख्य डॉक्टर मालू ओरडले नाहीत, हे जास्त वाईट होतं. परत आलो तर सिस्टरनी फॉर्म पुढे ठेवलेला. खोट्या आकड्यांवर एक रेघ मारायची, आकडा खाली दिसला पाहिजे. शेजारी ‘माप घेतलं नाही’ असं लिहायचं, तारीख, सही. मी म्हटलं, “सिस्टर, त्या तीन जागा कायमच्या रिकाम्या राहतील.”

“राहू दे न रिकाम्या. रिकामं बघून कोणी फसत नाही.” मग आवाज जरा खाली आला. “भिया, कोणाचा तरी पाय आहे तो. तू लिहिशील ते खरं धरून डॉक्टर पुढचं ठरवणार. न मोजता कधी लिहू नको रे.”

डब्यातले पोहे त्यांनी माझ्यापुढे सरकवले. वर शेव इतकी, की पोहे शोधावे लागले. मी मुकाट्यानं खाल्ले. इतकी लाज मला शाळेतही कधी वाटली नव्हती.

पुढच्या हिवाळ्यात आमचे हवालदार आयसीयूत आले.

साध्या खोकल्यानं सुरुवात झाली होती. तीन दिवस त्यांनी ‘फौजी को कुछ नहीं होता’ म्हणत काढले आणि चौथ्या दिवशी श्वास पुरेना. दोन्ही बाजूंचा न्यूमोनिया, व्हेंटिलेटर, झोपेची औषधं. बेड सहा. एरवी मॉनिटरकडे न बघणाऱ्या सिस्टर त्या सकाळी पहिल्यांदा मॉनिटरकडे बघत उभ्या होत्या आणि पायथ्याशी जायला त्यांना धीर होत नव्हता.

हवालदार आमच्या अभ्यासाच्या नियमांत बसत होते. डॉ. मालू मला म्हणाले, “सिस्टरना आपण होऊन विचारू नकोस. ते अभ्यासात नाही आले तरी काहीच हरकत नाही.” पण सिस्टरच कागद मागायला आल्या. मी म्हटलं, राहू द्या न.

“किती लोकांना आपण बाकावर बसवून सांगितलं? मशीननं फायदा होतो की नाही, हे आम्हाला माहीत नाही, दोन्ही बाजू आमच्यासाठी सारख्या. सांगितलं न? ते माझ्या माणसाच्या वेळी बदललं, तर त्या सगळ्यांशी मी खोटं बोलले.”

त्यांनी फॉर्म पहिल्या ओळीपासून वाचला. तोंडपाठ असलेला फॉर्म, तरी वाचला. सही केली. मी कपाटातून पुढच्या नंबरचा लिफाफा काढला, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, “सिस्टर, दोन फोडू. ज्यात मशीन असेल तो त्यांचा. कोणाला कळणार?”

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की माझे कान पुन्हा हिरवे झाल्यासारखे वाटले.

“आणि मशीनच चांगली, हे तुला माहीत आहे? असेल तर सांग मला. मला तर नाही माहीत.” त्यांनी लिफाफ्याकडे बोट दाखवलं. “फोड. एकच.”

चिठ्ठीत मशीन नव्हती. फक्त इंजेक्शन. सिस्टर “ठीक” म्हणाल्या. मग खिशातलं फुली मारायचं पेन आणि ड्रॉवरमधली ती लोखंडी पट्टी काढून माझ्या हातात दिली. “आता मी नातेवाईक. यांची मापं मी नाही घेणार. तू घेशील.”

“मी?”

“दुसरं कोण आहे?”

आणि बाई खरोखर बाहेर बाकावर जाऊन बसल्या. सुट्टी टाकली, गणवेश घरी ठेवला आणि इतरांसारख्या भेटीच्या वेळेची वाट बघू लागल्या. कोणीही त्यांना केव्हाही आत सोडलं असतं. त्या अकराला यायच्या, बाराला निघायच्या. दुसऱ्या दिवशी मी बेड सहाजवळ फॉर्म भरत होतो. सिस्टर पायथ्याशी उभ्या होत्या. त्यांचा हात चादरीवरून नवऱ्याच्या पायाकडे गेला, पोटरीवर टेकला आणि झटका बसल्यासारखा मागे आला. मग दुसरा गेला. तोही मागे.

“मकरंद,” त्या म्हणाल्या. मला त्या एरवी भियाच म्हणायच्या. “तो हातोदवाला विचारत होता न, हाताचं काय करू? मी हसले त्याला. लोक सेवा म्हणून नाही रे दाबत. हात कुठे ठेवायचे ते कळत नाही म्हणून दाबतात.”

मी खुर्ची उशाशी सरकवली आणि हवालदारांचा हात त्यांच्या हातात दिला. तो तासभर त्यांनी तो धरून ठेवला.

चौथा दिवस रविवार होता. पुढची सोनोग्राफी मंगळवारी. मी चादर दुमडली. “काकाजी, पैर देख रहा हूँ,” म्हटलं; सिस्टरांसमोर म्हणायला लाज वाटायची, त्या नव्हत्या म्हणून म्हटलं. उजवी पोटरी कालच्याइतकीच. डावी कालपेक्षा अडीच सेंटीमीटर जास्त.

खरं सांगतो, पहिला विचार आला तो हा, की माझंच चुकलं असावं. दुसरा विचार त्याहून वाईट होता: आज कालचाच आकडा लिहावा आणि मंगळवारी काय ते सोनोग्राफी बघून घेईल. बाहेर बाकावर बसलेल्या त्या बाईला जाऊन हे सांगायचं होतं. मी टेप सोडली. लोखंडी पट्टीवर लावून बघितली. टेप बरोबर होती. पुन्हा मोजलं. टेकवली, आवळली नाही. पुन्हा तेवढंच. तिसऱ्यांदाही तेवढंच. मी आकडा लिहिला आणि डॉ. मालूंना घरी फोन लावला.

अर्ध्या तासात ते आले, सोनोग्राफीवालेही आले. डाव्या मांडीतल्या शिरेत गुठळी होती. सुटली नव्हती, जागेवर होती. रक्त पातळ करणाऱ्या औषधाचा पूर्ण डोस त्याच वेळी सुरू झाला. डॉक्टर मला म्हणाले, “मंगळवारपर्यंत थांबलो असतो तर...” आणि वाक्य तसंच सोडून हात धुवायला गेले.

मी बाहेर आलो. सिस्टर बाकावरून उठल्या. माझ्या तोंडावर सगळं असणार, कारण त्यांनी काय झालं असं विचारलंच नाही.

“किती?”

“डावा, अडीचनं जास्त. सोनोग्राफी झाली. मांडीत आहे. औषध सुरू केलं, सिस्टर. वेळेत सापडली.”

“टेप पट्टीवर लावली होती?”

“लावली होती.”

“किती वेळा मोजलं?”

“तीनदा. तिन्ही वेळा तेवढंच.”

“मग बरोबर आहे,” त्या म्हणाल्या, आणि मटकन बाकावर बसून पदरात तोंड घालून रडल्या. मी शेजारी बसलो. माझेही डोळे वाहत होते आणि मला त्याची अजिबात लाज वाटत नव्हती. शेजारच्या मानपूरच्या एका आजींनी काही न विचारता आम्हा दोघांना पाणी दिलं.

पुढचे दिवस मात्र उताराचे होते. रोज अर्धा-पाऊण सेंटीमीटर. बाहेर येऊन मी आकडा सांगायचो आणि सिस्टर तो मनाशी पुटपुटायच्या. ऑक्सिजन कमी लागू लागला, मग व्हेंटिलेटर सुटला. नळी काढली त्या दिवशी अकरा वाजता सिस्टर आत आल्या आणि सवयीनं तडक पायथ्याशी जाऊन चादर दुमडू लागल्या. तेवढ्यात उशीकडून एक घोगरा, फाटका आवाज आला.

“लता, मी इकडे आहे.”

आख्खी आयसीयू हसली. व्हेंटिलेटरवरचे सोडून सगळे. सिस्टर हसत हसत उशाशी गेल्या आणि बराच वेळ तिथून हलल्या नाहीत.

हवालदारांची मापं फाइलमध्ये तशीच आहेत, नावाच्या जागी नुसता नंबर आहे. मशीननं फायदा होतो की नाही, याचा हिशेब मोठी माणसं अजून मांडतायत. सिस्टर मध्यंतरी निवृत्त झाल्या. जाण्यापूर्वी त्यांनी एक पद्धत पाडून दिली: भेटीला आलेल्या नातेवाइकाला आधी उशाशी खुर्ची द्यायची आणि पेशंटचा हात त्याच्या हातात द्यायचा. पाय दाबू नका, हे त्यानंतर सांगायचं. आता कोणी भांडत नाही.

अभ्यास बंद करताना सगळ्यांच्या शेवटच्या सह्या लागतात, म्हणून परवा मी महूला त्यांच्या घरी गेलो होतो. हवालदार अंगणात बाजेवर, तब्येत उत्तम, मला बघताच न्यूमोनियाची गोष्ट स्वतःच्या शौर्यासकट सांगू लागले. औषधाचे महिने संपले होते. शेवटची सोनोग्राफी स्वच्छ आली होती. “आता चाला, फिरा, काही करा, म्हणाले डॉक्टर,” सिस्टरनी सांगितलं. सही करण्याआधी त्यांनी फॉर्म पहिल्या ओळीपासून वाचला. चहा झाला. मी निघालो.

फाटकाबाहेर गाडीला किक मारणार, तोच आठवलं, पेन आत राहिलं. परत वळलो आणि फाटकापाशीच थबकलो. सिस्टर बाजेच्या पायथ्याशी बसल्या होत्या. हवालदारांचा डावा पाय मांडीवर घेतलेला. आधी नुसते हात टेकवलेले, मग हळूहळू दाबायला लागल्या. पोटरीपासून घोट्यापर्यंत, दोन्ही हातांनी.

“जरा जोर लाव न,” हवालदार डोळे मिटून म्हणाले. “तुमची मशीन दाबते तसं.”

“मशीन तुमच्या चिठ्ठीत नव्हती,” सिस्टर म्हणाल्या, आणि दाबत राहिल्या.

पेन मी तिथेच राहू दिलं.